दोन बॉक्स, एकच पेमेंट! प्रोग्रामर एकमेकांना मदत कशी मागतात, हे दुकानदारानं का शिकावं?



मागच्या व्हिडिओत मी दिवाळीच्या फराळाच्या बॉक्सची गोष्ट अर्धवट सोडली होती. "सर, पुढं काय झालं ते सांगा," असं बऱ्याच जणांनी विचारलं. वेळेअभावी व्हिडिओत राहिलं ते इथं सविस्तर लिहितो. वेबसाइट काढायचा विचार करताय किंवा काढून बसलाय, तर शेवटपर्यंत वाचा. कोडिंग येत नसलं तरी चालेल. मलाही येत नाही. माझं बीबीए झालंय आणि साताऱ्यात मसाले-फराळाचं दुकान आहे, बस.

तर झालं असं की...

दिवाळीला आठ-दहा दिवस होते. आमची वेबसाइट तेव्हा नवीनच, पीएचपी आणि मायएसक्यूएलवर एकांकडून करून घेतलेली. फराळाचा बॉक्स १,२४० रुपयांचा. ऑर्डरी धडाधड येत होत्या आणि मी खूश होतो.

एका संध्याकाळी पुण्याहून एका काकूंचा फोन आला. "अरे दादा, मी एकच बॉक्स मागवला होता, पैसेही एकाचेच गेलेत. तुझे दोन बॉक्स आलेत. दुसरा कुणाचा चुकून आलाय का?"

मला वाटलं पॅकिंगवाल्या पोराची चूक. त्याला दोन शब्द सुनावलेसुद्धा. दुसऱ्या दिवशी तसेच आणखी दोन फोन. मग मी ऑर्डरींची यादी काढून बसलो. साधारण ४०० ऑर्डरींमध्ये २३ ऑर्डरी डबल होत्या. पेमेंट एकदा, ऑर्डर नंबर दोन, बॉक्स दोन. २३ गुणिले १,२४०, म्हणजे २८,५२० रुपयांचा माल जास्तीचा गेला होता. वरून कुरिअरचा खर्च वेगळाच. आणि पोराला उगाच बोललो, ते वेगळंच. त्याची मी माफी मागितली, हेही सांगून टाकतो.

वेबसाइट ज्यांनी केली त्यांना फोन केला. ते म्हणाले, "आमच्याकडून सगळं ओके आहे, पेमेंट गेटवेला विचारा." गेटवेच्या हेल्पलाइनला विचारलं, तर "आमच्याकडे एकच पेमेंट दिसतंय, तुमच्या डेव्हलपरला विचारा." दोघांच्या मध्ये माझा फुटबॉल झाला. तिकडं ऑर्डरी चालूच होत्या. वेबसाइट बंद करावी तर सीझन जातो, चालू ठेवावी तर माल जातो.

रात्री अकराला आलेले पाच प्रश्न

आमच्या रविवारच्या बॅचमध्ये एक मुलगी होती. पुण्यात एका कंपनीत बॅकएंड डेव्हलपर, आणि आईसोबत घरगुती पापडांचा धंदा सुरू करण्यासाठी क्लासला आलेली. शेवटी तिला मेसेज टाकला: "वेबसाइट बिघडलीये, ऑर्डर डबल होतायत, अर्जंट मदत कर."

मला वाटलं होतं ती लगेच म्हणेल, "सर, पासवर्ड द्या, बघते." पण तिनं उलट पाच प्रश्न पाठवले:

१. काय व्हायला हवं होतं?
२. प्रत्यक्षात काय झालं? दोन-तीन ऑर्डर नंबर आणि वेळेसकट सांगा.
३. हे कधीपासून होतंय? त्याच्या आधी वेबसाइटमध्ये काय बदललं?
४. कोणत्या ऑर्डरींना होतं आणि कोणत्यांना अजिबात होत नाही?
५. सर्व्हरच्या एरर लॉगमध्ये त्या वेळेला काय लिहिलंय? जसंच्या तसं पाठवा, तुमच्या शब्दांत नको.

खरं सांगतो, मला राग आला. घर जळतंय आणि ही परीक्षा घेतेय! पण दुसरा इलाज नव्हता. वही घेतली आणि उत्तरं लिहायला बसलो.

लिहिता लिहिताच चित्र उलगडायला लागलं. डबल झालेल्या सगळ्याच्या सगळ्या ऑर्डरी ऑनलाइन पेमेंटच्या होत्या. कॅश ऑन डिलिव्हरीची एकही नाही. सगळ्या रात्री आठ ते अकराच्या गर्दीतल्या. दुपारची एकही नाही. आणि तिसऱ्या प्रश्नापाशी मी थांबलोच. आठ दिवसांपूर्वी मीच हौसेनं सांगितलं होतं की ऑर्डर आली की ग्राहकाला पीडीएफ बिल ईमेलनं गेलं पाहिजे. डबल ऑर्डरी त्याच दिवसापासून सुरू झाल्या होत्या.

हे तिला लिहून पाठवलं. तिचं उत्तर आलं, "सर, ऐंशी टक्के काम तुम्हीच केलंत."

प्रोग्रामर लोकांत याला एक गमतीशीर नाव आहे. अँड्र्यू हंट आणि डेव्हिड थॉमस यांच्या 'द प्रॅग्मॅटिक प्रोग्रामर' या १९९९ सालच्या पुस्तकात एका रबरी बदकाचा उल्लेख येतो. अडलेल्या प्रोग्रामरनं टेबलावरच्या रबरी बदकाला आपला कोड ओळीओळीनं समजावून सांगायचा. बदक काही बोलत नाही, पण सांगता सांगता आपली चूक आपल्यालाच दिसते. माझं बदक म्हणजे ती वही.

मग चूक नक्की होती कुठं?

आता जरा लक्ष द्या, दुकानाच्या भाषेत सांगतो.

ग्राहकानं पैसे भरले की पेमेंट गेटवे आपल्या सर्व्हरला मागच्या दारानं एक निरोप पाठवतो: "अमुक नंबरचं पेमेंट झालं." याला वेबहुक म्हणतात. निरोप मिळाला की आपल्या सर्व्हरनं "मिळाला" अशी पोच द्यायची. ठरावीक वेळेत पोच आली नाही, तर गेटवेला वाटतं निरोप पोचलाच नाही, आणि तो पुन्हा पाठवतो. यात गेटवेची काही चूक नाही. हे त्यांच्या माहितीपत्रकातच लिहिलेलं असतं.

आमचा सर्व्हर काय करत होता? निरोप आला की आधी ऑर्डर बनवायची, मग पीडीएफ बिल तयार करायचं, मग ईमेल पाठवायचा, आणि सगळं उरकल्यावर शेवटी पोच द्यायची. दुपारी गर्दी नसताना हे पटकन व्हायचं. रात्री गर्दीत ईमेल रेंगाळायचा, पोच उशिरा जायची. तेवढ्यात गेटवेचा दुसरा निरोप यायचा. आमचा कोड बिचारा भोळा. आला निरोप की बनव ऑर्डर!

एखादा पोस्टमन पोचपावतीवर सही मिळाली नाही म्हणून तेच पत्र पुन्हा घेऊन यावा आणि आपण त्याला नवीन पत्र समजून दुसरं पार्सल पाठवावं, तसा प्रकार.

उपाय तीन भागांत झाला:

पहिला: पेमेंट नंबर एकदाच. डेटाबेसच्या ऑर्डर टेबलमध्ये पेमेंट नंबरच्या रकान्याला 'युनिक' अशी अट घातली. एका पेमेंट नंबरवर दुसरी ऑर्डर डेटाबेस लिहूच देत नाही. मी तिला विचारलं, "ऑर्डर आधीपासून आहे का, एवढं कोडमध्ये तपासलं तर पुरे नाही का?" ती म्हणाली, "सर, दोन निरोप एकाच क्षणी आले तर? काउंटरवरची दोन पोरं एकदम वहीत बघतील, दोघांनाही नोंद दिसणार नाही, आणि दोघंही नोंद करतील. म्हणून कुलूप पोरांकडं नाही, वहीलाच पाहिजे." हे वाक्य माझ्या कायमचं लक्षात राहिलंय.

दुसरा: आधी पोच, मग बाकीचं. निरोप नीट नोंदवून ठेवायचा, ऑर्डर करायची आणि लगेच पोच द्यायची. बिल, ईमेल वगैरे कामं रांगेत लावून मागून करायची.

तिसरा: निरोप खरा आहे का ते बघायचं. हे तर आम्ही विचारलंही नव्हतं. कोड बघताना तिच्या लक्षात आलं की निरोपासोबत येणारी गेटवेची सही आमचा सर्व्हर तपासतच नव्हता. म्हणजे पत्ता माहीत असलेला कुणीही "पेमेंट झालं" असा खोटा निरोप पाठवून फुकट बॉक्स मागवू शकला असता. वाचलो!

बदल कळले आणि करायला बसलो, तिथं आणखी अर्धा दिवस गेला. कारण होस्टिंगचा लॉगिन माझ्याकडं नव्हताच! दुकान माझं आणि शटरची किल्ली दुसऱ्याकडं. ही चूक तुम्ही करू नका.

त्या २३ ग्राहकांना आम्ही स्वतः फोन केले, चूक आमची आहे असं आधी सांगून. १४ जणांनी दुसऱ्या बॉक्सचे पैसे पाठवले. तिघांनी बॉक्स परत केले, ते आम्ही पुन्हा विकले नाहीत. सहा जणांकडून काहीच आलं नाही. चालायचंच. पण त्या पहिल्या काकूंनी फोन केला नसता, तर मला दिवाळीनंतर हिशेब करतानाच कळलं असतं.

"मला कुणी सांगितलं, म्हणून मी तुम्हाला सांगितलं"

मी त्या मुलीला म्हणालो, "तू हुशार आहेस बाई." ती हसली. म्हणाली, "सर, हीच चूक मी पहिल्या नोकरीत केली होती. सीनियरनं दाखवली. त्याला कुणा अनोळखी माणसाच्या उत्तरातून कळली होती. आमच्याकडं असंच चालतं."

मग मी या विषयाच्या मागंच लागलो. आणि मित्रांनो, धंद्याच्या दृष्टीनं यात शिकण्यासारखं खूप आहे.

पीएचपीचंच बघा. रासमुस लेर्डॉर्फ नावाच्या माणसानं १९९४ मध्ये स्वतःचा ऑनलाइन बायोडाटा कोण कोण बघतंय हे मोजायला काही छोटे प्रोग्राम लिहिले. नाव काय, तर 'पर्सनल होम पेज टूल्स'. १९९५ मध्ये त्यानं तो कोड सगळ्यांसाठी खुला केला. वापरा, चुका सांगा, सुधारा. पुढं इस्रायलमधल्या अँडी गुटमन्स आणि झीव सुरास्की या दोन विद्यार्थ्यांना कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी एक ऑनलाइन विक्रीचा प्रोग्राम करायचा होता. त्यांना पीएचपी अपुरी पडली. ते तक्रार करून थांबले नाहीत. रासमुसशी बोलून त्यांनी नव्यानं लिहायला घेतलं, आणि १९९८ मध्ये पीएचपी ३ आली. म्हणजे आज आपण जी भाषा वापरून ऑनलाइन दुकान काढतो, तिची ही पायरी एका ऑनलाइन विक्रीच्या अडचणीतूनच घडली!

२००३ मध्ये मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी वर्डप्रेस सुरू केलं, तेही आधीच्या एका खुल्या प्रोग्रामवर आणि पीएचपीतच. त्याच वर्डप्रेसच्या लोकांचे मेळावे पुण्यात, मुंबईत, नागपुरातही झालेत. २००८ मध्ये जेफ अॅटवुड आणि जोएल स्पोल्स्की यांनी स्टॅक ओव्हरफ्लो सुरू केलं. तिथं चांगलं उत्तर मतांनी वर येतं आणि पुढच्या माणसाला तयार मिळतं.

इथं एक गोष्ट समजून घ्या. एकाच धंद्यातली ही माणसं, अनेकदा एकमेकांच्या स्पर्धक कंपन्यांत कामाला. तरीही रोजची अडचण फुकटात सोडवून देतात. का? कारण आज मी सांगितलं तर उद्या मला कुणीतरी सांगेल. आपल्याकडं शेतात एकमेकांच्या बांधावर सावडीनं जातात ना, तोच हिशेब. आपल्या बाजारपेठेत मात्र शेजारच्या दुकानदाराला कुरिअरचा रेट सांगायलाही आपण कचरतो. विचार करा.

दुकानदाराला हमखास भेटणाऱ्या चार सर्व्हरच्या अडचणी

त्या दिवाळीनंतर आमच्या बॅचमध्ये आम्ही एक वही ठेवली. कुणाची वेबसाइट अडली, काय कारण निघालं, कसं सुटलं. त्यातल्या वारंवार येणाऱ्या चार देतो. तुमच्या प्रोग्रामरशी बोलताना उपयोगी पडतील.

१. मराठी नावाच्या जागी प्रश्नचिन्हं. ग्राहकानं 'सुनीता' लिहिलं आणि ऑर्डरीत '??????' आलं. बहुतेक वेळा डेटाबेसचं टेबल किंवा त्याच्याशी होणारं कनेक्शन जुन्या, युरोपीय अक्षरांच्या पद्धतीवर असतं. मायएसक्यूएलमध्ये 'यूटीएफ८एमबी४' ही पद्धत लावायला सांगा. त्यातली नुसती जुनी 'यूटीएफ८' मराठी अक्षरं ठेवते, पण इमोजी ठेवू शकत नाही. ग्राहकानं पत्त्यात फुलाचं चित्र टाकलं की ऑर्डर अडकू शकते! आणि लक्षात ठेवा, एकदा प्रश्नचिन्ह म्हणून साठलेलं नाव परत येत नाही. म्हणून सुरुवातीलाच तपासा.

२. रात्रीची ऑर्डर कालच्या तारखेला. बरेच सर्व्हर जागतिक वेळेवर चालतात. आपण त्यांच्या साडेपाच तास पुढं. त्यामुळं रात्री बारा ते पहाटे साडेपाचच्या ऑर्डरी आदल्या दिवसात पडतात. 'आजच ऑफर संपणार' असेल तर ग्राहकाशी भांडण ठरलेलं. वेळ साठवताना एकच पद्धत, दाखवताना भारतीय वेळ, असं स्पष्ट सांगा.

३. शेवटचा नग दोघांना विकला. दोघांनी एकाच वेळी बटण दाबलं, दोघांनाही 'शिल्लक १' दिसलं. उत्तर पुन्हा तेच, कुलूप वहीला. 'शिल्लक असेल तरच एक कमी कर' हे डेटाबेसला एकाच हुकमात सांगायचं. आधी बघायचं आणि मग कमी करायचं, असं दोन टप्प्यांत नाही.

४. पांढरं पान किंवा '५००'. ४०४ म्हणजे मागितलेलं पान सापडलं नाही. ५०० म्हणजे सर्व्हरवरच काहीतरी फसलं. पान पांढरं दिसलं तरी खरं कारण बहुतेक वेळा एरर लॉगमध्ये फाइलच्या नावासकट, ओळीच्या नंबरसकट लिहिलेलं असतं. ग्राहकाला एरर दाखवायची नाही, पण लॉग वाचायचाच.

मदत मागायचा मेसेज असा लिहा

हा नमुना कॉपी करून फोनमध्ये ठेवा:

"नमस्कार. ऑनलाइन पेमेंट झाल्यावर एक ऑर्डर बनायला हवी, पण काही वेळा दोन बनतायत. उदाहरणाचे ऑर्डर नंबर आणि वेळ खाली दिलेत. अमुक तारखेपासून होतंय, त्याच दिवशी ईमेल बिल सुरू केलं होतं. कॅश ऑन डिलिव्हरीला होत नाही. लॉगमधल्या ओळी जशाच्या तशा जोडल्यात. आत्तापर्यंत मी हे हे करून पाहिलंय."

बघा, 'अर्जंट' हा शब्द कुठंच नाही. तरी याला उत्तर लवकर येतं, कारण वाचणाऱ्याचे चार फेरे वाचतात. एआयला विचारतानाही हाच मेसेज चालतो. नुसतं "वेबसाइट चालत नाही" म्हटलं तर माणूस काय आणि मशीन काय, दोघंही अंदाजच करणार.

आणि चार पथ्यं पाळा:

- पासवर्ड, गेटवेची गुप्त की, ग्राहकांचे फोन नंबर कुणालाही पाठवायचे नाहीत. लॉग पाठवताना ते खोडा. चुकून गेलेच तर पासवर्ड आणि की लगेच बदला.
- चालू वेबसाइटवर प्रयोग नको. आधी बॅकअप, मग कॉपीवर करून बघायचं, मगच खऱ्यावर.
- सुटलं की कसं सुटलं ते सांगा. "झालं, थँक्यू" एवढंच लिहून गायब होऊ नका. पुढच्या अडलेल्या माणसाला तुमच्या 'थँक्यू'चा उपयोग नाही, उत्तराचा आहे.
- मदत आणि फुकट काम यात फरक ठेवा. प्रश्नाचं उत्तर देणं ही मदत. चार तास बसून कोड बदलणं हे काम, आणि कामाचे पैसे द्यायचे. ती मुलगी नको नको म्हणत होती. मी तिला म्हणालो, "उद्या तुझ्या पापडाचं पाकीट कुणी ओळखीवर फुकट मागितलं तर?" तेव्हा तिनं बिल पाठवलं. नवीन उद्योजकानं पहिल्या दिवसापासून ही सवय लावावी, घेतानाही आणि देतानाही.

आजचा होमवर्क

आज रात्री दुकान बंद केल्यावर तीन गोष्टी तपासा. तुमच्या वेबसाइटच्या डोमेनचा आणि होस्टिंगचा लॉगिन तुमच्या स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर आहे का? एरर लॉग कुठं दिसतो, हे तुम्हाला माहीत आहे का? शेवटचा बॅकअप कधीचा आहे, आणि तो परत चालू करून कुणी पाहिलाय का? एकाचंही उत्तर 'नाही' असेल, तर नवीन जाहिरातीवर पैसे घालण्याआधी ते काम उरका.

त्या पुण्याच्या काकू आजही दर दिवाळीला ऑर्डर करतात. प्रत्येक वेळी फोनवर विचारतात, "या वेळी एकच येणार ना रे?" मी म्हणतो, "एकच येणार काकू. आता कुलूप वहीला लावलंय."

पुढच्या व्हिडिओत बघू, वेबसाइट करून घेताना कागदावर कोणकोणत्या अटी लिहून घ्यायच्या. तोपर्यंत तुमची एखादी अडलेली गोष्ट असेल तर लिहून पाठवा. फक्त पाच प्रश्नांच्या उत्तरांसकट!

भेटू लवकरच. धंदा करा, हिशेबानं करा!